उपकारस्तुतीचं चौथं कडवं

माझी सत्यभामा गेली गुरुवारी. पण नेमकं काय गेलं ते कळलं रविवारी, सकाळी पावणेदहा वाजता.

गुरुवार ते शनिवार घरात माणसंच माणसं होती. मयताच्या घरचा माणूस एकटा पडू नये म्हणून आमच्याकडे इतके लोक येतात की त्याला रडायला जागा उरत नाही. मी एकदा न्हाणीघरात जाऊन रडलो, तर बाहेरून कुणीतरी दार वाजवून विचारलं, "भाऊ, नळाले पाणी येऊन राह्यलं का?" मी येऊन राह्यलं म्हणालो. मग तो बादली घेऊन आत आला.

रविवारी मी चर्चला गेलो. लोहाऱ्याच्या एमआयडीसीच्या मागच्या अंगाला आमचं चर्च आहे. वर टिन, आत चार पंखे, नव्वद माणसं. पाळकसाहेबांनी गीत सांगितलं, नंबर एकशे बारा. सगळ्यांनी पुस्तकं उघडली, घसा साफ केला, आणि सगळे थांबले.

आमच्या मंडळीची गाण्याची एक पद्धत आहे. सत्यभामा पेटीवर बसायची. पहिला शब्द ती उचलायची आणि अर्धा शब्द मागून आम्ही तिला धरायचो. तिने "प्रभू" म्हटलं की आमचं "भू" पासून सुरू. हे सदतीस वर्षं चाललं. गीतांचे शब्द पुस्तकात आहेत, पण चाली फक्त तिच्या डोक्यात होत्या. कुणालाच चाल येत नाही हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण प्रत्येकाला वाटायचं की आपल्याला येते.

पंखे फिरत होते. पलीकडच्या सूतगिरणीचा भोंगा झाला. मग एकेक करून नव्वद माणसं माझ्याकडे पाहू लागली. नवरा मेला की बायकोला पेन्शन लागू होते, तशी बायको गेली की नवऱ्याला चाल लागू होत असावी, असा त्यांचा हिशेब.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. मी सूतगिरणीत एकतीस वर्षं फिटर होतो. मशीनच्या आवाजावरून मी बेअरिंग कुठलं गेलं ते सांगतो. पण चर्चमध्ये मी आयुष्यात एकही गीत गायलेलं नाही. नुसते ओठ हलवतो. सत्यभामा पुढे बसायची, तिची पाठ माझ्याकडे असायची, तेव्हा तिला हे कळलं नसावं, असं मला वाटत होतं.

शेवटी सुखीबाई ओरडली. सुखीबाई आमच्यातली सर्वांत म्हातारी. तिला ऐकू कमी येतं, म्हणून ती सगळ्यांशी जोरात बोलते.

"अवं, सत्यभामाले सुरू कर म्हना ना! किती वेळ?"

पाळकसाहेब हळूच म्हणाले, "आपण गीत वाचू या." मग आम्ही एकशे बारा नंबरचं गीत वाचलं. विजेचं बिल वाचतात तसं वाचलं.

आमचे पाळक रोशन हे तिशीतले आहेत. वर्षभरापूर्वी आले. ते नागपूरच्या एका शिबिरातून एक फाइल घेऊन आले होते, तिच्यावर 'आराधनेचे नूतनीकरण' असं लिहिलं होतं. मंडळीला त्या फाइलची भीती वाटायची, म्हणून ती कपाटात होती. त्या रविवारनंतर ती बाहेर आली.

"काका," ते मला म्हणाले, "संकट हीच संधी आहे. संगीत, चित्र, नाट्य, सगळ्या कला. लहान, तरुण, वृद्ध, सगळ्या पिढ्या एकत्र. नोव्हेंबरातली उपकारस्तुती आपण नव्या पद्धतीने करू. समितीचे निमंत्रक तुम्ही."

"मी काहून? मले तं काहीच येत नाही."

"तुमच्याकडे वेळ आहे."

आमच्यात ज्याच्याकडे वेळ असेल त्याला पद देतात, आणि ज्याची बायको गेली त्याच्याकडे वेळ आहे असं धरतात.

मी हो म्हणालो, त्याचं कारण वेगळं होतं. उपकारस्तुती म्हणजे आमचा पिकाचा सण. ज्याच्या घरी जे पिकलं ते वेदीपुढे आणून ठेवायचं: कापूस, तूर, कोहळे, कोंबड्या, बकऱ्या. वाहिलेल्या वस्तूला खूण म्हणून कापूस लावायचा. नंतर सगळ्याचा लिलाव. पण ते सगळं वाहताना सत्यभामा एक ओवी म्हणायची. ती पुस्तकात नाही, तिच्या आईची होती. चार कडव्यांची. ती ओवी यंदा झाली पाहिजे, एवढंच मला पाहिजे होतं. बाकी नूतनीकरण पाळकसाहेबांनी खुशाल करावं.

अडचण अशी की मला तिची पहिली ओळच येत होती.

पयलं बोंड कापसाचं, वाहू देवाच्या दारात,
धाग्याधाग्यात त्याचं नाव, त्यानंच पेरलं वावरात.

बरं, दोन ओळी. सदतीस वर्षांत पुढचं काहून पाठ झालं नाही, असं कुणी विचारील. तर दरवर्षी ती ओवी सुरू झाली की मी बाहेर ओट्यावर असायचो. अर्पणाच्या बकऱ्या आणि कोंबड्या धरून ठेवायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्या कडव्यापर्यंत बकऱ्या गप्प असतात. दुसऱ्यापासून त्या ओरडतात. त्यामुळे ओवीचा पुढचा भाग मला बकऱ्यांच्या आवाजात पाठ आहे.

दुसरं कडवं सुखीबाईकडे होतं. मी तिच्याकडे गेलो.

"मावशी, सत्यभामेची ओवी येते का तुले?"

"तुले कायले पाहिजे? तुले गाता येत नाई."

"म्हणूनच पाहिजे."

"आं?"

"म्हणूनच पाहिजे!"

"वरडतं काहून? बहिरी हाव का मी?"

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी तिने म्हटलं:

दुसरी शेंग तुरीची, दाणे निघाले चार,
तीन आमच्या ताटामंधी, चवथ्यासाठी देवाचं दार.

शब्द बरोबर होते. चाल मात्र पाळण्याची होती. ती म्हणताना तिचा स्वतःचा डोळा लागला, आणि मी हळूच दार ओढून निघालो.

मग समितीची बैठक झाली. समितीत सुखीबाई होती, पाळकसाहेब होते, कॉलेजात शिकणारी उर्वशी होती, जी कीबोर्ड वाजवते आणि सगळ्या गोष्टींचा व्हिडिओ काढते, आणि गुलाबसिंग होता. गुलाबसिंग कापसाच्या बाजारात बोली पुकारतो, त्यामुळे आमचा लिलावही तोच करतो. तो प्रार्थनासुद्धा बोली पुकारल्यासारखी करतो. तिसऱ्यांदा "आमेन" म्हटल्याशिवाय त्याला प्रार्थना पक्की झाल्यासारखी वाटत नाही.

तिसरं कडवं कुणालाच येत नव्हतं. चौथं सगळ्यांनाच येत होतं. भांडण चौथ्यावरूनच झालं.

"चौथं हातपंपाचं आहे," उर्वशी म्हणाली. "मी सातवीत होती तवा. मले पक्कं आठवते."

"हातपंप? चौथं माह्या बैलाचं हाय," गुलाबसिंग म्हणाला. "माहा बैल मेलता ना, त्याचं नाव हाय त्यात."

"देवाच्या ओवीत तुह्या बैलाचं नाव?"

"काहून? गाढवाचं चालते, बैलाचं नाही चालत?"

पाळकसाहेबांना चर्चच्या गळक्या छपराचं कडवं आठवत होतं. सुखीबाईने एकाच बैठकीत तीन वेगवेगळी सांगितली, आणि तिन्ही खरी आहेत म्हणाली. वय झालं बिचारीचं, असं म्हणून आम्ही तिचं नोंदवलं नाही. चौथ्या कडव्यासाठी एक उपसमिती नेमली. तिचा निमंत्रकही मीच.

दरम्यान पेटीचा प्रश्न होता. सत्यभामेची पेटी ऑगस्टपासून बंद होती. उघडून भाता हलवला तर कुईकुई आवाज आला. आता कुईकुई म्हटलं की फिटरला एकच औषध सुचतं. घरात गिरणीतल्या वेळचं स्पिंडल तेल होतं. उत्तम तेल. त्या तेलावर मिनिटाला अठरा हजार चकरांनी सूत कातायच्या चात्या फिरायच्या. मी पेटीला ते प्रेमाने दिलं. आत, बाहेर, खाली, सगळीकडे.

कुईकुई थांबली. पण दोन पट्ट्या खाली बसल्या त्या वर येईनात. भाता हलवला की ते दोन सूर सुरू व्हायचे आणि हवा संपेपर्यंत थांबायचे नाहीत. मी पट्ट्यांना समजावून पाहिलं. मग आणखी थोडं तेल दिलं.

शेजारचे धम्मरत्न गुरुजी कुंपणावरून डोकावले. ते निवृत्त शिक्षक आहेत. भीमगीतांच्या पार्टीत चाळीस वर्षं ढोलकी वाजवतात.

"जयभीम, डोमाजी. कोणाचा ट्रक अडकला?"

"सलाम, गुरुजी. पेटी आहे."

त्यांनी आत येऊन पाहिलं. बोट लावून वास घेतला. "हे तेल हाये?"

"हाव."

"पेटीले?"

"बेअरिंगले चालते."

त्यांनी ते बोट रुमालाला सावकाश पुसलं. त्या पुसण्याने मला जितका कमीपणा वाटला तितका सुपरवायझरच्या शिव्यांनी कधी वाटला नव्हता. "सत्यभामाबाई असत्या तं," ते म्हणाले, "तुमाले घरात घेतलं नसतं." मग थोड्या वेळाने म्हणाले, "ढोलकीले मी येतो. पण एक सांगतो. पोरं-म्हातारे मिळून मिरवणूक काढून राह्यले, तं परवानगी घेऊन ठेवा. आमाले दरसाल लागते. आता ते सारं ऑनलाइन झालं."

मिरवणूक ही पाळकसाहेबांच्या फाइलमधली गोष्ट. नाक्यापासून चर्चपर्यंत मुलांनी आणि म्हाताऱ्यांनी जोडीने पीक घेऊन यायचं, पुढे मुलांनी रंगवलेला पडदा. पडद्याचा विषय होता समुद्रातलं वादळ. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही, वादळ पाहिलं आहे आणि एसटी पाहिली आहे. त्यामुळे प्रभू ज्या नावेत झोपले होते तिला सहा चाकं होती आणि पुढे 'यवतमाळ–पुसद' अशी पाटी होती. पाळकसाहेब म्हणाले, कलेत हस्तक्षेप करायचा नाही.

मी बंटीच्या ऑनलाइन सेंटरला गेलो. बंटी म्हणजे सगळ्या लोहाऱ्याचे दाखले काढणारा माणूस. त्याने फॉर्म उघडला.

"काका, मिरवणुकीचं कारण निवडा. राजकीय, लग्न, इतर."

"धार्मिक नाही?"

"धार्मिकमध्ये यादी येते. तुमचा सण यादीत नाही. 'इतर' टाकलं तं तीन ऑफिसचे ना-हरकत दाखले जोडा लागते. डिसेंबर निघून जाईन. लग्न टाकतो. लग्नाले कोणीच अडवत नाही."

"पण लग्न नाही ना!"

"मिरवणूक हाये ना? बाजा हाये ना? जेवण हाये ना? मंग काय राह्यलं?"

राहिलं होतं ते एकच, पण ते बंटीला सांगून उपयोग नव्हता. त्याने वराचं नाव विचारलं. मी रिकामं ठेव म्हणालो.

"लाल चांदणी हाये काका. भराच लागते. अर्जदार तोच वर टाकतो." आणि त्याने टाइप केलं: डोमाजी दानिएल खंडारे. "वधू?"

"अरे, कोणी नाही."

"लाल चांदणी. कार्यक्रमाचं नाव काय तुमच्या?"

"उपकारस्तुती."

"मस्त नाव हाये. कुमारी टाकतो. वय?"

"कोणाचं वय?"

"तिचं."

मला काय सुचावं? आमच्या चर्चमध्ये हा सण बासष्ट वर्षं होतो. मी बासष्ट म्हणालो. कुमारी उपकारस्तुती, वय बासष्ट, राहणार लोहारा.

मग ओटीपी आला नाही. माझ्या आधारला मोबाइल नंबर सत्यभामेचा जोडलेला होता, कारण घरातला हुशार माणूस ती होती. तिचा मोबाइल तिची धाकटी बहीण दीपा आठवण म्हणून पुसदला घेऊन गेली होती. मी दीपाला फोन केला.

"दीपा, ताईच्या फोनवर सहा आकडे आले असतील, ते सांग."

"कायचे हाये भाऊजी?"

"सरकारी हाये."

तिने सांगितले. "ताईच्या फोनवर काही आलं की अजून मले वाटते तिलेच आलं," ती म्हणाली. मलाही वाटलं. आम्ही दोघे थोडा वेळ नुसतेच फोन धरून राहिलो. बंटी म्हणाला, "काका, टाइम संपून राह्यला."

परवानगी तिसऱ्या दिवशी आली. इतक्या लवकर सरकारने माझं कोणतंच काम केलेलं नाही. पण तिचा संदेश सत्यभामेच्या मोबाइलवर गेला. तो असा: 'श्री. डोमाजी दानिएल खंडारे, आपल्या विवाह सोहळ्याच्या मिरवणुकीस परवानगी देण्यात आली आहे. वधूवरांस हार्दिक शुभेच्छा.'

आणि इकडे बंटीने कागदाची छापील प्रत माझ्याकडे पोचवायला धम्मरत्न गुरुजींकडे दिली. गुरुजी शिक्षक असल्यामुळे हातातला कागद वाचतात. ते आले ते गंभीर चेहऱ्याने.

"डोमाजी, तीन महिने झाले. लोक बोलतीन. पण मी म्हणतो, एकट्या माणसाचे हाल असते. वय बासष्ट म्हणजे जोडी बराबर हाये. अन् कुमारी हाये म्हणजे मागचं काही लफडं नाही."

मी त्यांना समजावून सांगेपर्यंत गल्लीत तीन घरांत चहाबरोबर माझं लग्न लागलं होतं. दूधवाल्याने विचारलं, "काका, आता अर्धा लिटर वाढवू का?" एकतीस वर्षांच्या नोकरीत एकदाही मेमो न मिळालेल्या माणसावर ही वेळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुसदच्या पहिल्या गाडीने दीपा आली. तिने पायातली चप्पलही काढली नाही. स्वयंपाकघरात पाहिलं, मागच्या अंगणात पाहिलं.

"कुठी हाये ते?"

"कोण?"

"कोण म्हणते! माह्या बहिणीच्या फोनवर तुमच्या लग्नाचा मेसेज येते, अन् तिचा ओटीपी मीच वाचून देतो! लाज नाही वाटली भाऊजी? माह्याच तोंडून?"

मी कागद तिच्या हातात दिला. तिने वधूचं नाव वाचलं. वय वाचलं. पत्ता वाचला. मग ती मटकन खाली बसली आणि हसायला लागली. हसता हसता रडली, रडता रडता पुन्हा वय वाचलं आणि पुन्हा हसली. मी चहा ठेवला. ऑगस्टपासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. चहात मी साखरेऐवजी मीठ टाकलं, पण तिने तो प्यायला.

मग मी तिला ओवीचं सांगितलं. तिने पदराने डोळे पुसले आणि बसल्याजागी तिसरं कडवं म्हटलं:

तिसरं कणीस ज्वारीचं, पाखरू बसलं वर,
खाऊ दे वं बाई त्याले, त्याचंही हेच घर.

"आणि चौथं?" मी वही उघडून बसलो. "हातपंपाचं का बैलाचं?"

"चौथं आईचं नव्हतंच. आईची ओवी तिनाचीच. चौथं ताई करे."

"म्हणजे?"

"दरसाल नवं. त्या वर्सात मंडळीत जे झालं असन ते. कोणाचा बैल मेला, कुठी हातपंप बसला. एक वर्स म्हणाची अन् सोडून द्याची. तुमाले माहीत नव्हतं?"

मला माहीत नव्हतं. मी बकऱ्या धरून होतो. सगळ्यांची चौथी कडवी खरी होती, आणि सुखीबाईची तिन्ही खरी होती. आम्ही उपसमिती नेमली होती.

"मंग यंदाचं कोण करन?" मी विचारलं.

दीपा माझ्याकडे पाहत राहिली. त्या नजरेची मला आता सवय झाली होती.

मी प्रयत्न केला. बिघडलेली वस्तू द्या, मी दुरुस्त करतो. पण नसलेली वस्तू कशी दुरुस्त करायची? वहीत 'चौथं' एवढा शब्द लिहिला आणि त्याला तेल द्यावं की काय असं वाटू लागलं. सणाचा दिवस उजाडला तरी 'चौथं'च्या पुढे काही नव्हतं.

मिरवणूक चांगली झाली. चाकांची नाव पुढे होती. एका बाजूला नातू, एका बाजूला आजी, मध्ये कोहळा, असे सगळे आले. पाळकसाहेबांनी आणखी एक नूतनीकरण केलं होतं: लिलाव आधी, भक्ती नंतर. कारण लिलावाला सगळे वेळेवर येतात आणि भक्तीला येत नाहीत.

मी पेटी वेदीजवळ ठेवली होती. दोन सूर अडकले तर अडकले, पण ओवी तिच्या पेटीशिवाय नको, असं माझं मत. लहान मुलांनी तिला कापसाची माळ घातली. सजावट म्हणजे कला, आणि कलेत हस्तक्षेप करायचा नाही.

एवढ्यात फाटकावर पोलीस शिपाई आला. हातात परवानगीची प्रत.

"नवरदेव कोण हाये?"

"मी."

त्याने मला खालून वर पाहिलं. "अन् नवरी?"

मी आत बोट दाखवलं. आत कोहळे होते, तुरीच्या पेंढ्या होत्या, कोंबड्या होत्या. "हे सारं मिळून," मी म्हणालो.

"काका, प्यायले का?"

"नाही. आमच्यात चालत नाही."

"दोघांच्या सह्या लागते कागदावर."

मी त्याला सण समजावून सांगत होतो. बासष्ट वर्षं सांगितली, लाल चांदणी सांगितली. त्या वेळी सुखीबाई ऑटोतून उतरली. शिपायाने शाईचा डबा पुढे केला, तिने काही न विचारता अंगठा दिला आणि म्हणाली, "राशन यंदा बी तांदूळच हाय का?" अशा रीतीने सरकारदरबारी सुखीबाई माझी नवरी झाली. शिपायाचं समाधान झालं. तो जेवूनच जाईन म्हणाला, म्हणून बकऱ्यांची दोरी मी त्याच्या हातात दिली आणि आत गेलो.

आत गुलाबसिंग ओरडत होता, "एक वार! दोन वार!" आणि त्याच्या हाताखाली सत्यभामेची पेटी होती.

बोली दोघांत लागली होती. एकीकडून धम्मरत्न गुरुजी, कारण ती पेटी परक्या घरी गेली तर डोमाजी खचून जाईल असं त्यांना वाटलं. दुसरीकडून दीपा, कारण तिला वाटलं की पेटी लिलावात मीच काढली. दोघेही माझ्यासाठीच भांडत होते, एक दयेने आणि एक रागाने. रागाची बोली जास्त निघाली.

"तीन वार! पुसदवाल्या बाई!"

"अरे, ते अर्पण नव्हतं!" मी म्हणालो. "ते वाजवाले होतं!"

"डोमाजीभाऊ, वेदीपुढं होती का?"

"होती."

"कापूस लावेल होता का?"

"होता."

"मंग झालं. कापूस लावलेली वस्तू मी आजवर सोडली नाही. देवापुढचं वापस जात नाही, हा नियम तुमीच लावला होता. दोन हजार आठ साली. माही बकरी होती."

खरं होतं. मीच लावला होता.

दीपाने पेटी आपल्या शालीत बांधली, शालीला तेल लागलं तसा वास घेतला आणि गाठ मारली. "हे मी पुसदले नेतो. तिथं कारागीर हाये. तुमाले हात लावू देणार नाही. तेलात बुडवली माह्या बहिणीची पेटी!" हे ती सगळ्या मंडळीसमोर म्हणाली. तेलाची गोष्ट तोपर्यंत फक्त गुरुजींना माहीत होती.

पाळकसाहेब म्हणाले, "आता ओवी."

आणि सगळे थांबले.

तसेच, ऑगस्टातल्यासारखे. उर्वशीने कीबोर्डवर हात ठेवले आणि कुणीतरी सूर द्यावा म्हणून वाट पाहत राहिली. गुरुजींनी ढोलकी मांडीवर घेतली आणि तेही थांबले. नव्वद माणसं पहिल्या शब्दाची वाट पाहत होती. बाहेर गिरणीचा भोंगा झाला. सुखीबाई म्हणाली, "सत्यभामाले..." आणि मध्येच थांबली. तिला आठवलं असावं.

मी सदतीस वर्षांत पहिल्यांदा त्या वेळी आत होतो. बकऱ्या शिपायाकडे होत्या. मला बाहेर जायला काही कारण नव्हतं.

मी म्हणालो, "पयलं."

तो सूर कुठला होता हे मला विचारू नये. उर्वशीने नंतर व्हिडिओ चार वेळा ऐकला आणि म्हणाली, "आजोबा, हे कोणत्याच पट्टीत नाही." पण अर्ध्या शब्दावर मंडळीने मला धरलं. "...लं बोंड कापसाचं!" मी चुकलो तिथे नव्वद माणसं अर्धा शब्द मागून, अगदी श्रद्धेने चुकली. सुखीबाईच्या पाळण्याच्या चालीकडे मी घसरलो, तर सगळी मंडळी घसरली. गुरुजींची ढोलकी आमच्या मागे धावत होती, कधी गाठायची, कधी पुढे निघून जायची. कीबोर्ड दुसऱ्या कडव्यात थांबला. लहान मुलांना तिसऱ्यातलं पाखरू आवडलं, ते त्यांनी दोनदा म्हटलं. बाहेर बकऱ्या सुरू झाल्या आणि शिपाई त्यांना "चूप, चूप, गानं चालू हाये" म्हणत होता.

मग चौथं आलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी तोंड उघडलं. "चौथं," मी म्हणालो, आणि पुढे काही आलं नाही. ओठ हलत होते.

पण मंडळीला 'चौथं' एवढा शब्द मिळाला होता आणि तेवढा त्यांना पुरला. प्रत्येकाने आपल्याला आठवत होतं ते चौथं सुरू केलं. गुलाबसिंगचा बैल, उर्वशीचा हातपंप, पाळकसाहेबांचं छप्पर, कुणाचं दहावी पास झालेलं पोर, कुणाची बुजलेली विहीर, सगळं एकदम. असा गोंधळ आमच्या चर्चमध्ये कधी झाला नव्हता, आणि झाला असता तर सत्यभामेने पेटीवर हात आपटून थांबवला असता. त्या गोंधळात सर्वांत मोठा आवाज सुखीबाईचा होता, कारण तिला बाकीच्यांचा ऐकूच येत नव्हता. ती म्हणत होती:

चौथा माहा मालक, नुसते हलवते ओठ,
देवा तुले ऐकू येते त्याच्या मनातली गोठ.

मी तिच्याजवळ गेलो. "मावशी, हे कोण्या सालचं?"

"आं?"

"कोण्या सालचं!"

"लय झाले साल. सारे लोक हासले होते. तू बाहेर बकऱ्या धरून होता."

मग जेवण झालं. शिपाई दोनदा वाढून घेऊन गेला. जाताना त्याने मला आणि सुखीबाईला नमस्कार केला.

आता पाळकसाहेब म्हणतात, येत्या रविवारी एकशे बारा नंबर घेऊ, पहिला शब्द तुम्ही उचला, मंडळीला तुमची सवय झाली. मी मानेनेच हो म्हटलं. पोर्टलवर माझं लग्न अजून 'नोंद प्रलंबित' असं दाखवतं. पेटी पुसदला कारागिराकडे आहे. तो म्हणतो, इतकं तेल त्याने फक्त भज्यांत पाहिलं होतं. दीपा दर आठवड्याला सत्यभामेच्या फोनवरून मला फोन करते. पडद्यावर तिचं नाव येतं, आणि मी उचलायला थोडा उशीर करतो.

यंदाचं चौथं कडवं अजून झालेलं नाही.